जपानी फुलांची जुनी चित्रं कॅनव्हासवर: किती मोठी करावीत, कुठे थांबावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ठाण्यातल्या नव्या घरात सोफ्यामागच्या भिंतीवर जुन्या जपानी फुलांच्या चित्रांचे तीन कॅनव्हास लावायचेत, प्रत्येकी 24 बाय 36 इंचांचे. ऑनलाइन तयार सेट मिळतात. ओळखीचा एक फ्लेक्सवाला म्हणतो, फाईल आणून द्या, निम्म्या पैशांत छापून देतो. तयार घ्यावं की छापून घ्यावं, आणि रंग टिकतील का?

मी पुण्यात चित्रकारांच्या मूळ कामांच्या प्रती छापतो आणि फ्रेमिंगही करतो. जपानी छापचित्रांची मागणी गेल्या काही वर्षांत बरीच वाढली आहे, त्यामुळे हाच प्रश्न मला दुकानातही विचारला जातो. माझ्या मते तयार की छापून हा मुद्दा दुसरा. आधी हे ठरवा की तुम्ही निवडलेलं चित्र केवढं मोठं केलेलं सोसेल. ते कळलं की कॅनव्हास की कागद आणि विकत की स्वतः, हे निम्मं आपोआप सुटतं.

ही चित्रं मुळात लहान असतात. होकुसाई, हिरोशिगे या जुन्या जपानी चित्रकारांची बहुतेक प्रसिद्ध छापचित्रं ‘ओबान’ मापाची, म्हणजे साधारण 38 बाय 26 सेंटीमीटर. आपल्या भाषेत 15 बाय 10 इंच. ती हातात धरून, जवळून बघायची होती. तुम्ही ते 36 बाय 24 करता तेव्हा लांबी-रुंदी जवळपास अडीचपट होते आणि क्षेत्रफळ पावणेसहा पटीच्या आसपास जातं. मुळात अगदी बारीक असलेली रेघ अडीचपट जाड होते आणि जिथे कागद मोकळा सोडलाय ती जागाही तेवढीच पसरते. काही चित्रांना याचा काहीच त्रास होत नाही, काही मात्र पार बिघडतात.

का, ते समजायला चित्र कसं तयार व्हायचं ते बघा. रानचेरीच्या लाकडावर आधी रेघांचा ठसा कोरायचा, मग प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा. कोझो नावाच्या झाडाच्या सालीपासून केलेला कागद ठशावर पालथा ठेवायचा आणि मागून ‘बारेन’ या चपट्या गोल साधनानं घासायचा. रंग कागदाच्या वर बसत नाही, धाग्यांत मुरतो. कॅनव्हासचं उलट आहे. त्यावर एक पांढरा लेप असतो, शाई त्या लेपात बसते आणि खाली उभ्या-आडव्या विणीची जाळी सतत दिसत राहते. मोठं सपाट पान असेल तर वीण त्याला काही करत नाही, उलट थोडा जिवंतपणा येतो. पण पुंकेसराची बारीक रेघ त्या जाळीवरून तिरकी गेली की तुटक तुटक दिसते. प्रिंटर कितीही महागाचा असला तरी हे टळत नाही.

आता चित्रांकडे येऊ. होकुसाईची मोठ्या फुलांची 10 चित्रांची मालिका आहे, साधारण 1833-34 मधली, निशिमुराया योहाची या प्रकाशकानं काढलेली. वाऱ्यानं वाकलेली पॉपीची फुलं, पिओनी आणि फुलपाखरू, आयरिस आणि टोळ, शेवंती, हायड्रेंजिया वगैरे. यात फुलं कागदभर पसरलेली आहेत, आकार मोठे आहेत आणि मागे बहुतेक सपाट रंग आहे. कॅनव्हासवर मोठी करायला याहून चांगली जुनी जपानी फुलं मला माहीत नाहीत. पण एक बघा: ही सगळी चित्रं आडवी आहेत. बाजारातल्या सेटमध्ये ती उभी दिसली तर समजा, कुणीतरी दोन्ही बाजूंनी कापली आहेत. वाऱ्याची दिशाच निघून जाते, आणि त्या चित्रांत वारा हाच तर मुख्य आहे.

दुसरं नाव तानिगामी कोनान (1879-1928). त्यांचा पाश्चात्त्य फुलांचा चित्रसंग्रह क्योतोच्या उन्सोदो प्रकाशनानं 1917 मध्ये पाच खंडांत काढला. ट्यूलिप, डेलिया, अमॅरिलिस अशी जपानमध्ये बाहेरून आलेली फुलं, जपानी ठसाछपाईच्या पद्धतीनं. ‘व्हिंटेज जपानी बोटॅनिकल’ म्हणून जे सेट विकले जातात त्यांत बऱ्याचदा हेच असतात. म्हणून जपानी चित्रांत ट्यूलिप कसा, असा संशय घेऊ नका. यांची पानं-पाकळ्या मोठी, कडा स्वच्छ. हीसुद्धा कॅनव्हासवर छान जातात, फक्त मी 20 बाय 30 इंचांच्या पुढे नेत नाही.

उलट टोकाला खरी शास्त्रीय वनस्पतिचित्रं. इवासाकी त्सुनेमासा यांचा ‘होन्झो झुफु’ 1828 मध्ये पूर्ण झाला. त्यात सुमारे 2,000 वनस्पती आहेत. किंवा माकिनो तोमितारो (1862-1957) यांची रेखाटनं, ज्यासाठी ते लाखकामातला अतिबारीक ब्रश वापरत. मुळं, बीज, फळाचा छेद, सगळं एका पानावर. ही चित्रं वाचायची असतात. ती कॅनव्हासवर मोठी करून सोफ्यामागे टांगणं म्हणजे रेघांचा खून आहे. कागदावर, मूळ मापाच्या फार तर दीडपट, काचेखाली लावा. मग पाहुणे जवळ जाऊन बघतात.

या दोन्हींच्या मधे ओहारा कोसोन (1877-1945). 1926 पासून ते शोसोन या नावानं वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकासाठी काम करत होते. त्यांची आयरिस, कमळं, चेरीच्या डहाळीवरचे पक्षी अतिशय लोकप्रिय आहेत. अडचण आहे त्यांच्या पार्श्वभूमीत. वर गडद, खाली उतरत उतरत फिका होत जाणारा रंग, ज्याला तिकडे ‘बोकाशी’ म्हणतात, हा छपाई करणारा माणूस ठशावर हातानं पाणी आणि रंग पुसून आणतो. फाईल दाबलेली जेपीजी असेल तर तो सलग उतार राहत नाही, जिन्यासारख्या पायऱ्या दिसतात. 12 इंचांत त्या लपतात, 36 इंचांत भिंतीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतात. कोसोन हवाच असेल तर फाईल उत्तम मिळाल्याशिवाय कॅनव्हासवर जाऊ नका. शिवाय त्यांच्या काही चित्रांत पांढऱ्या पिसांना किंवा पाकळ्यांना शाई नसतेच. कोरड्या ठशानं कागदच दाबून उठाव आणलेला असतो. हे कुठल्याच प्रिंटमध्ये येत नाही, कॅनव्हासमध्ये तर नाहीच.

फाईलचं गणित स्वतः करून बघता येतं. 24 बाय 36 इंचांसाठी इंचाला 150 पिक्सेल धरले तर 3,600 बाय 5,400 पिक्सेल लागतात. कॅनव्हाससाठी 150 पुरतात, कारण विणीखाली त्याहून बारीक तपशील तसाही दिसत नाही. कागदाला मी 240 ते 300 मागतो. आता संग्रहालयाची फाईल लांब बाजूला 4,000 पिक्सेल असेल, तर 36 इंचांवर इंचाला 111 च पडतात. तेच चित्र 16 बाय 24 इंचांचं केलं की 166 पडतात आणि सगळं जागेवर येतं. सॉफ्टवेअरनं पिक्सेल वाढवून मिळतात, पण ही सॉफ्टवेअर्स रेघेची कडा गुळगुळीत करतात. लाकूड कोरताना चाकू वळला की रेघेला एक टोकदारपणा येतो, तो पहिला जातो. मग चित्र व्हेक्टर आर्टसारखं, म्हणजे संगणकावर काढल्यासारखं, दिसायला लागतं. माझ्याकडे फाईल आली की मी आधी 100 टक्क्यांवर उघडून पाकळीची कडा बघतो, मापाची चर्चा नंतर.

फाईल कुठून घ्यायची? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं फेब्रुवारी 2017 पासून कॉपीराइट संपलेल्या कलाकृतींची छायाचित्रं कुणालाही, कशासाठीही वापरायला मोकळी केली आहेत. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटनं 2018 मध्ये तसंच केलं. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमकडे कोसोनचा मोठा संग्रह आहे आणि तिथूनही मोठी फाईल उतरवता येते. पिंटरेस्टवरून घेतलेली फाईल मात्र छपाईला आणू नका. ती कुणीतरी पुस्तकातून स्कॅन केलेली असू शकते. तपासायचं कसं? मोठी करून बघा. रंग जर बारीक रंगीत ठिपक्यांच्या फुलोऱ्यांनी बनलेला दिसला, तर ती ऑफसेटवर छापलेल्या पुस्तकाची नक्कल आहे. लाकडी ठशाच्या छपाईत असे ठिपके नसतात, सलग रंग आणि कागदाचे धागे दिसतात. ते ठिपके पुन्हा छापले की विणीशी भांडतात आणि लहरी लहरी पॅटर्न उठतो.

तयार सेट घेणार असाल तर विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा: चित्रकार कोण आणि मूळ प्रत कुठल्या संग्रहात आहे. उत्तर आलं नाही तर पुढे जा. हल्ली एआयनं बनवलेली ‘जुनी जपानी’ फुलं सर्रास विकली जातात. त्यांत सहीच्या जागी अक्षरासारखं काहीतरी असतं पण अक्षर नसतं, आणि लाल शिक्का नुसता चौकोन असतो. फूलही चुकलेलं असतं. आयरिसला बाहेर खाली झुकलेल्या तीन आणि आत उभ्या तीन अशा पाकळ्या असतात. एआयची मोजदाद बऱ्याचदा चुकते. त्याशिवाय जोडी जमवायला खरं चित्रच आरशातल्यासारखं उलटवणारेही विक्रेते आहेत. सही उलटी दिसते, पण ती वाचणार कोण, असा हिशोब.

खऱ्या फाईलची माझी एक आवडती परीक्षा सांगतो. होकुसाईच्या त्याच मालिकेत मॉर्निंग ग्लोरीची फुलं आणि झाडावरचा बेडूक असं चित्र आहे. आपल्याकडे कुंपणावर ज्या कर्ण्यासारख्या निळ्या-जांभळ्या फुलांच्या वेली चढतात, त्याच कुळातली ही फुलं. पहिल्यांदा बघताना बेडूक दिसतच नाही. तो पानांच्याच हिरव्यात पानावर बसलाय, आणि केवळ बाह्यरेघेमुळे कळतो. होकुसाईनं मुद्दाम लपवलाय. आता फाईलमध्ये कुणी हिरवा रंग ‘खुलवला’ असेल, किंवा प्रिंटरला दोन जवळच्या हिरव्या छटा वेगळ्या काढता येत नसतील, तर बेडूक पानात विरघळतो. उलट धारदारपणा वाढवला असेल तर बेडूक लांबूनच अंगावर येतो आणि सगळी गंमत जाते. हे चित्र न घेतलं तरी छपाईवाल्याकडून त्याचा तेवढाच तुकडा नमुना म्हणून काढून घ्या. प्रिंटरच्या रंग जुळवणाऱ्या प्रोफाइलच्या गप्पांपेक्षा तो जास्त सांगतो.

रंग टिकतील का, याला दोन बाजू आहेत. एक म्हणजे मूळचेच रंग टिकलेले नाहीत. करडईच्या फुलांपासून काढलेला गुलाबी आणि त्सुयुकुसा नावाच्या रानफुलाचा निळा हे दोन्ही उजेडानं उडणारे. 1830 च्या सुमारास स्वस्त झालेला प्रशियन निळा मात्र पक्का, म्हणून त्या काळातल्या चित्रांत निळे अजून ताजे दिसतात आणि गुलाबी फिकट. एकाच ठशाच्या वेगवेगळ्या प्रतींतही रंग वेगळे असतात, कारण छपाई पुन्हा पुन्हा व्हायची. त्यामुळे ‘अस्सल रंग’ असा एकच नाही. मी ग्राहकांना दोन-तीन संग्रहालयांतल्या प्रती शेजारी लावून दाखवतो आणि एक निवडायला सांगतो. कागदाचा पिवळसरपणा मी पूर्ण काढत नाही. थोडा हलका करतो, इतकंच. पार्श्वभूमी शुभ्र केली की फुलं हवेत तरंगतात आणि चित्र स्टिकर वाटतं.

दुसरी बाजू तुमच्या प्रतीची, आणि इथे फ्लेक्सवाल्याचा विषय येतो. त्याच्यावर माझा राग नाही. त्याची इको-सॉल्व्हंट शाई उन्हापावसात टिकण्यासाठीच असते. पण बहुतेक मशीनमध्ये चारच रंग असतात. फिका राखाडी, फिका गुलाबी, कागदाचा बदामी अशा छटा तो मोकळे ठिपके टाकून काढतो, आणि जवळून त्या वाळूसारख्या खरखरीत दिसतात. गडद जाहिरातीला हे चालतं. जपानी चित्राचा अर्धा भाग फिक्या छटांचा असतो, तिथेच ते फसतं. शिवाय त्याचा कॅनव्हास बहुधा चकचकीत पॉलिस्टर, ज्यावर संध्याकाळी ट्यूबलाइटची रेघ दिसते. त्याऐवजी आठ किंवा जास्त रंगांच्या पिगमेंट शाईवर (जिच्यात रंगाचे न विरघळणारे कण असतात), मॅट सुती किंवा सुती-मिश्र कॅनव्हासवर छापून घ्या, साधारण 350 ते 400 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा. वरून मॅट वॉर्निश आवर्जून लावायला सांगा. नुसतं ‘जिक्ले’ (कलाचित्रांच्या इंकजेट प्रतीचं नाव) म्हटलं म्हणून खात्री होत नाही. शाई पिगमेंट आहे की डाय, म्हणजे विरघळलेल्या रंगाची, हे नेमकं विचारा. पैसे नक्कीच जास्त पडतील, पण थेट उन्हापासून लांब ठेवलेलं पिगमेंटचं काम घरात अनेक वर्षं बदलत नाही. पश्चिमेच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर मात्र मी काहीच लावू नका म्हणेन.

आता कडा. हा भाग लोक सगळ्यात शेवटी विचारतात आणि सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. कॅनव्हास दीड इंच जाड चौकटीवर ताणून मागे स्टेपल मारतात. बाजू झाकायला चारही बाजूंनी दीड इंच चित्र वळवलं जातं. जपानी चित्रात देठ कागदाच्या कडेतूनच आत येतं, आणि सही-शिक्का कडेजवळ असतो. वळवल्यावर होतं काय की, देठाचा उगम बाजूला जातो आणि लाल शिक्का अर्धा समोर, अर्धा चौकटीच्या जाडीवर. हे तयार सेटमध्येही सर्रास दिसतं. उपाय सोपा आहे: चित्र पूर्ण समोर ठेवा, बाजूंना कागदाच्याच छटेचा सपाट रंग छापून घ्या. मला त्याहून आवडते ती फ्लोटर फ्रेम, म्हणजे कॅनव्हासभोवती थोडी फट ठेवून बारीक लाकडी पट्टी. बाजू काळ्या करून घेऊ नका. वॉर्निश नीट नसेल तर वळणावर लेप तडकतो आणि काळ्यावर पांढरी केसरेघ उठून दिसते.

ठाण्याच्या हवेत सुती कॅनव्हास पावसाळ्यात सैल पडतो आणि कोरड्या दिवसांत पुन्हा ताणतो, हे होणारच. म्हणून चौकट मुरवलेल्या पाइनची घ्या, एमडीएफची नको, ती ओल पिते. चौकटीच्या आतल्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी असाव्यात. सैल पडला की हलकेच ठोकायच्या. मागच्या चारही कोपऱ्यांना रबराचे बूच लावा, भिंत आणि कॅनव्हासमध्ये हवा खेळली की बुरशी धरत नाही. नव्या इमारतीची बाहेरची भिंत असेल तर पहिला पावसाळा बघून मगच लावा.

हक्कांचं थोडक्यात. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी चित्र सार्वजनिक होतं. होकुसाई, तानिगामी, कोसोन, माकिनो हे सगळे मोकळे आहेत. पण कावाराझाकी शोदो यांची फुलं त्याच ‘व्हिंटेज’ यादीत विकली जातात आणि त्यांचं निधन 1973 चं आहे, म्हणजे 2033 संपेपर्यंत ती आपल्याकडे संरक्षित आहेत. जपानमध्ये तर त्याहून पुढे.

सगळं मिळून तुमच्या भिंतीसाठी मी काय करेन? 24 बाय 36 चे तीन नकोत. मध्यभागी होकुसाईच्या मालिकेतलं एक आडवं चित्र, फाईल पुरत असेल तर 36 इंच रुंद, नाहीतर 30, कॅनव्हासवर फ्लोटर फ्रेममध्ये. दोन्ही बाजूंना कॅनव्हास नाही, तर तानिगामीची दोन चित्रं मूळ मापाच्या आसपास, सुती आर्ट पेपरवर किंवा जपानी हातकागदावर. तोकुशिमाचा आवागामी कारखाना इंकजेटसाठी लेप दिलेला कोझो कागद बनवतो. तो इथे मागवून घ्यावा लागतो, पण या चित्रांना त्याच्याइतकं दुसरं काही शोभत नाही. चित्राभोवती ॲसिड-फ्री पुठ्ठ्याचं माउंट लावा, म्हणजे कागद काचेला चिकटणार नाही.

आणि बजेट तीन मोठ्या कॅनव्हासचं असेल तर आणखी एक पर्याय विचारात घ्या. टोकियोची अदाची संस्था होकुसाईसारख्यांची चित्रं आजही नव्यानं लाकडात कोरून हातानं छापते, आणि क्योतोचं उन्सोदो अजून ठशांवरून छपाई करतं. तीही प्रतच, पण मूळ पद्धतीची. माप लहान, कस्टम ड्यूटी वेगळी, पार्सलला वेळ लागतो. सोफ्यामागे ती हरवेल. तिची जागा दारातल्या अरुंद भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीवर.

भिंतीची लांबी, सोफ्याच्या पाठीची उंची आणि तुम्ही निवडलेल्या फाईलचे पिक्सेल इथे लिहिलेत तर नेमकं माप सांगता येईल.